मीटरगेज इंजिनाच्या मॉडेलला पितळी नंबरपाटी कशी करावी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आजोबा गोव्यातल्या कुळ्याला फायरमन होते. ते ज्या वायजी इंजिनावर, म्हणजे मीटरगेजवरच्या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनावर असत, त्याचं १:२२.५ मापाचं मॉडेल तुम्ही तीन वर्षं खपून पुरं करत आणलंय, आणि आता गाडी अडलीय ती नंबरपाट्यांपाशी. एका दुकानातून लेझरवर पितळी पाटी करून आणलीत, ती बक्षिसाच्या ढालीवरच्या पट्टीसारखी दिसते. कुणीतरी थ्रीडी प्रिंट सुचवलं, कुणी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कटिंग मशीन. तर यातलं कुठलं मशीन चांगलं?

माझं फोंड्यात पाट्यांचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. वकील, डॉक्टर, हाउसिंग सोसायट्या आणि देवळांतले देणगीदार हे माझं खरं गिऱ्हाईक. मॉडेलवाल्यांच्या पाट्या मी त्यातून वेळ काढून करतो, हौसेने. म्हणून आधी आमच्या धंद्याचीच खोड सांगतो. आम्ही पाटीवाले अक्षर धातूत खणतो आणि खड्ड्यात रंग भरतो. दवाखान्याची पाटी अशीच असते. रेल्वेची ओतीव पाटी बरोबर उलटी. ती वाळूच्या साच्यात ओतलेली, त्यामुळे अक्षरं आणि कडेची पट्टी वर उठलेली आणि मधली जमीन खाली. तुमच्या लेझरवाल्याने त्याच्या सवयीने अक्षरं काळी केली, तीही केसभर खोलीची. मशीन बिघडलेलं नाही, काम उलट्या बाजूने झालंय. उद्या लाखांचं मशीन आणून त्यावर हीच फाइल चालवलीत तरी ढालीवरची पट्टीच निघेल. अक्षर कोरायचं नाही, अक्षर सोडून बाकीचं काढायचं. मग ते कशाने काढता हा पुढचा प्रश्न.

हा फरक डोळ्याला इतका का खटकतो ते एकदा बघा. घरातली ओतीव समई आणि बाजारातली पत्र्याची समई शेजारी ठेवा. लांबूनसुद्धा ओळखू येते, कारण ओतीव कडेला जाडी असते आणि त्या जाडीची सावली पडते. पाटीचंही तसंच. इंजिनावर काजळी बसली की जमीन आणखी काळी होते आणि उठलेल्या अक्षरांचा माथा जुटाच्या एका फटक्याने पुसला जातो. १ ला ३७ चढाच्या घाटात कोळसा मारून आलेलं इंजिन कितीही काळं झालं तरी नंबर वाचता यायचा, तो यामुळे.

आता तुमच्या पाटीवरची दुसरी चूक, आणि ही मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नंबरच्या वर एसडब्ल्यूआर लिहिलंय. आज वास्को ते कॅसलरॉक लाइन दक्षिण पश्चिम रेल्वेत आहे हे खरं, पण तो झोन चालू झाला २००३ साली. तोवर आपल्याकडचा मीटरगेज उखडून ब्रॉडगेज होऊन गेला होता. म्हणजे त्या अक्षरांची वायजी या घाटात कधी धावलेलीच नाही.

वर्षाप्रमाणे हिशेब असा लागतो. लाइन मुळात वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेची. गाड्या चालवायचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं आणि १९०८ नंतर मद्रास अँड सदर्न मराठाकडे. पण वायजी वर्गच १९४९ नंतरचा, तेव्हा हे सगळं तुमच्या पाटीच्या आधीचं. १४ एप्रिल १९५१ ला सदर्न रेल्वे झाली. १९५५ मध्ये नाकेबंदीने सरहद्दीवरची वाहतूक तुटली, ती गोवा मुक्त झाल्यावरच पुन्हा जोडली गेली. मग २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि हा भाग तिच्यात गेला. आजोबा मुक्तीनंतर पहिल्या चार-पाच वर्षांत त्या इंजिनावर असतील तर सदर्न, नंतर असतील तर दक्षिण मध्य. ही अक्षरं पाटीवरच होती की टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर नुसती रंगवलेली, हे मी इथे बसून सांगणार नाही. ते तुमच्याकडचा फोटो सांगेल.

यात मी स्वतः तोंडावर पडलोय म्हणून एवढं लांबवतोय. एका गिऱ्हाइकाने १९६३ सालच्या घरगुती फोटोवरून पाटी मागितली. फोटोत वरची अक्षरं पुसट होती, मी माझ्या मनाने दक्षिण मध्यची टाकली. काम सुंदर उतरलं, मी खूश. पाटी घ्यायला त्यांच्याबरोबर त्यांचे मामा आले होते, रेल्वेतून निवृत्त. त्यांनी चष्मा वर केला, पाटी नाकाजवळ धरली आणि विचारलं, “ही अक्षरं तीन वर्षं आधी कुठून आली रे?” पाटी फुकट दुसरी करून दिली. पहिली अजून माझ्या गल्ल्यात आहे, सुट्टे पैसे ठेवायला.

नंबरचं म्हणाल तर आजोबांच्या वहीतला नंबर मी प्रमाण मानेन. ज्याने रोज त्या इंजिनाची भट्टी पेटवली त्याला नंबर चुकत नाही. पण वहीत अक्षरांचं वळण नसतं. ३ चा माथा गोल की सपाट, ६ ची शेपूट किती आत वळलेली, हे फोटोतच दिसतं. आणि फोटो दुसऱ्या वायजीचा असेल तर ती दोन्ही इंजिनं एकाच कारखान्यातली आहेत ना, हे बघा. वायजी हजाराहून जास्त झाल्या आणि त्या एका ठिकाणी झालेल्या नाहीत. परदेशातून आल्या, जमशेदपूरला टेल्कोत झाल्या, चित्तरंजनला झाल्या. चित्तरंजनची शेवटची वायजी १९७२ सालची. कारखाना बदलला की बिल्डरची, म्हणजे कारखान्याच्या नावाची पाटी तर बदलतेच, पण नंबरच्या आकड्यांचं वळणही बदललेलं असू शकतं. संगणकातला तयार फॉन्ट मात्र वापरू नका. साच्यासाठी लाकडात घडवलेल्या आकड्यांना जी किंचित जाडी-भरडी ठेवण असते, ती कुठल्याही फॉन्टात नाही.

फोटोवरून माप काढताना एक फसवणूक होते. समोरून काढलेला फोटो असला की लोक रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर धरून त्यावरून पाटीची लांबी काढतात. पण पाटी असते स्मोकबॉक्सवर, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या धुराच्या पेटीवर, आणि तुम्ही मोजताय ते रूळ इंजिनाच्या पुढ्यात, कॅमेऱ्याच्या जवळ. जवळचं मोठं दिसतं, म्हणून पाटी हिशेबात बारीक येते. पाटीच्या त्याच पातळीत असलेली वस्तू धरा. स्मोकबॉक्सच्या दाराचा व्यास किंवा कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीच्या पत्र्यावरच्या खिडकीची उंची ड्रॉइंगमधून मिळते. तिरका फोटो आधी गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ताणून खिडकी काटकोनात आणा, मग इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वरून गिरवा. तुमचं मॉडेल १:२२.५ आहे हे बरं आहे. मीटरगेज या मापात ४४.४ मिलिमीटर येतो आणि बाजारात ४५ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो, त्यामुळे गेज आणि स्केल यांची तडजोड तुम्हाला करावी लागली नाही. पाटीलाही तीच शिस्त लावा.

समजा, खऱ्या पाटीवरचा आकडा १५० मिलिमीटर उंच, रेघ २५ मिलिमीटर जाड आणि उठाव ६ मिलिमीटरचा आहे. तुमच्या मापात आकडा ६.७ मिलिमीटर, रेघ १.१ आणि उठाव पाव मिलिमीटरच्या आसपास. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. पद्धत तुमची आवड ठरवत नाही, हे आकडे ठरवतात. याच पाटीची १:८७ मध्ये रेघ ०.२९ मिलिमीटर होते आणि उठाव ०.०७, तिथे मी दिलेला सल्ला पार बदलेल.

तुमच्या आकड्यांना मी फेरिक क्लोराइडने कोरीव काम करेन. आमच्याकडे याला एचिंगच म्हणतात. पितळी पत्रा अर्धा मिलिमीटरचा. जे उरवायचं त्यावर प्रकाशाला कडक होणाऱ्या फिल्मचं कवच राहतं, बाकीचं रसायन खातं. फिल्मवर ठेवायची निगेटिव्ह, म्हणजे अक्षरं पारदर्शक आणि जमीन काळी, घरच्या लेझर प्रिंटरवर काढली तर काळा पुरेसा गडद येत नाही, उजेड गाळून आत जातो. लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याकडून काढून घ्या, त्यांचं रोजचं काम आहे ते. उन्हात एक्सपोजर देता येतं, पण आमच्या जूनच्या ढगांत अंदाज लागत नाही. नखांच्या पॉलिशला वापरतात तो यूव्ही दिवा घ्या आणि आधी एका तुकड्यावर १, २, ३, ४ मिनिटांचे पट्टे पाडून बघा. मग धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात, लिटरला दहा ग्रॅमच्या हिशेबाने, कच्ची राहिलेली फिल्म सुटून येते.

इथे सगळे नवखे चुकतात ती गोष्ट म्हणजे रसायन फक्त खाली खात नाही, बाजूलाही खातं. पाव मिलिमीटर खोल जाईपर्यंत अक्षराच्या प्रत्येक कडेतून साधारण अर्धं तेवढं, म्हणजे ०.१२ मिलिमीटर, आत घुसतं. १.१ची रेघ काढलीत तर हातात ०.८५ची येईल आणि आकडे आजारी दिसतील. म्हणून ड्रॉइंगमध्ये रेघ सगळीकडून ०.१२ने फुगवायची. फुगवल्यावर ६ आणि ८ च्या पोटातली भोकं बुजायला आली तर तिथे थोडं कमी फुगवा. फोटोत पाटीवर देवनागरी अक्षरं असतील तर जास्त जपा. शिरोरेषा लांब आणि बारीक असते, ती मधेच तुटते. अनुस्वाराचा ठिपका चारी बाजूंनी खाल्ला जाऊन आधीच गळून पडतो. मी ठिपका जवळजवळ दीडपट मोठा काढतो.

पत्र्याची पाठ पूर्ण झाकलेली हवी. फक्त पाटीच्या बाहेरच्या कडेभोवती पाठीमागूनही एक रेघ उघडी ठेवा. पुढून पाव आणि मागून पाव मिळाले की पाटी आपोआप सुटते. दोन-तीन जागी बारीक दुवे सोडा, नाहीतर ती डब्याच्या तळाला जाऊन बसेल. पत्रा रसायनात पालथा टांगायचा, तोंड खाली. सुटणारा गाळ तळाला पडतो, अक्षरांच्या पोटात साचत नाही. प्लॅस्टिकचा डबा गरम पाण्याच्या परातीत ठेवून द्रावण ४०-४५ अंशांवर ठेवा, आणि डबा सारखा हलवत राहा. माझ्याकडे एवढ्या खोलीला पंचवीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. दर पाच मिनिटांनी काढून, धुऊन नखाने चाचपायचं. नख अक्षराच्या कडेला अडलं की जमीन खाली चाललीय.

पावडर आणून घरी विरघळवू नका, पाण्यात पडली की भसकन तापते. द्रावण तयार मिळतं तेच घ्या. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. स्टीलचं भांडं किंवा सिंक याच्या जवळपासही नको, स्टेनलेसलाही ते खातं. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं. ते मोरीत किंवा परसात ओतायचं नाही, आपल्याकडे घरोघरी विहिरी आहेत. सोडा हळूहळू घालून फसफस थांबली की गाळ खाली बसतो. तो सुकवून बंद डब्यात ठेवा आणि धोकादायक कचरा म्हणून द्या.

बिल्डरची पाटी याच पत्र्यावर घेऊ नका. तिच्यावरचं १२ मिलिमीटरचं अक्षर तुमच्या मापात अर्ध्या मिलिमीटरचं होतं आणि रेघ ०.०९ची. पाव मिलिमीटर खोलीत ती अक्षरं विरघळूनच जातील. ती वेगळ्या ०.१५च्या पत्र्यावर, जेमतेम ०.०५ खोल. घरच्या डब्यात हे साधणं कठीण, हे एकच काम व्यावसायिक एचिंगवाल्याकडे द्या असं मी सांगेन. मोकळ्या जागेत त्याच पाटीच्या आणखी चार प्रती भरून टाका. पत्र्याचे पैसे तेवढेच लागतात आणि एक तरी वाकते किंवा हरवते.

बाकीच्या पद्धती वाईट आहेत असं नाही. सीएनसीवर बारीक कटरने जमीन खरवडून काढता येते आणि १:२२.५ला ती चांगली येते. फक्त आतले कोपरे कटरच्या गोलाईचे राहतात आणि जमिनीवर ओळी दिसतात, मग ती वाळूत ओतलेली वाटत नाही. माझं जुनं पँटोग्राफ मशीनही हेच करतं, मोठ्या साच्यावर सुई फिरवली की छोटी पाटी निघते, ओळींसकट. पुढे कधी ५ इंची गेजचं इंजिन केलंत तर मात्र ओतकामच. रेझिनमध्ये छापलेला नमुना शेटकडे, म्हणजे सोनाराकडे द्यायचा, अंगठ्या ओततात तसा तो मेणाच्या पद्धतीने पितळेत ओतून देतो. नमुना दीड-दोन टक्के मोठा करा, थंड होताना पितळ आकसतं. आणि फोटोत तुमची पाटी काळ्यावर पांढरी रंगवलेली निघाली, पितळ दिसतच नसेल, तर एवढी उठाठेव करू नका. रेझिनची छापा, रंगवा, कुणाला कळणार नाही. पितळ दिसायचं असेल तर मात्र रेझिनला सोनेरी रंग देऊ नका. तो हळदीच्या लेपासारखा दिसतो.

रंगाचं थोडं. सुटलेली पाटी चिंचेने किंवा बिंबलांनी घासायचा मोह आवरा. चवथीच्या आधी घरची भांडी आपण तशीच उजळतो, पण जास्त वेळ आंबट लागलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि पाटी गुलाबी पडते. पाव मिलिमीटर उठावाच्या कोवळ्या अक्षरांवर ते लगेच दिसतं. साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा. मग धातूला धरणारा प्रायमर, वर मॅट काळा, पाटी पूर्ण झाकून. चांगला दोन दिवस वाळला की काचेवर १२०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, पाण्याने ओला करा, आणि पाटी पालथी धरून हलक्या हाताने आठच्या आकड्यात फिरवा. अक्षरांचे माथे उघडे पडतात आणि जमीन काळीच राहते. कागद बोटाला गुंडाळून घासलंत तर बोट अक्षरांच्या मध्ये दबतं आणि जमिनीचाही रंग जातो. शेवटी लॅकरचा एक पातळ हात द्या, नाहीतर आपली खारी हवा महिन्याभरात पितळ काळं करते. लॅकर भर पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत तो पांढुरका धरतो आणि मग सगळं काढून पहिल्यापासून. घाई नसेल तर दसऱ्यानंतर मारा.

चिकटवण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मॉडेल विजेवर चालतं की खरोखर वाफेवर, हे तुमच्या मजकुरात नाही. विजेवर असेल तर दोन भागांचा इपॉक्सी पुरे. वाफेवर असेल तर कॅबवरची पाटी इपॉक्सीवर टिकेल, पण स्मोकबॉक्सवरची दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला गळून पडेल. तिला मागून दोन बारीक पितळी पिना चांदीच्या डाखाने लावून घ्या आणि दाराला छिद्रं पाडून आतून मुरडा. हे डाखकाम रंगाच्या आधी करायचं.

पाठीवर मी सुईने स्केल, वर्ष आणि ‘प्रतिकृती’ असं ओरखडून ठेवतो. पितळ छान जुनं झालं की पुढे कुणीतरी ते खऱ्याच्या नावाने विकायला काढतं.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: फोटो मूळ आकारात, व्हॉट्सअॅपवर आवळलेला नव्हे, आजोबांच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो, तारखेसकट, आणि कॅबच्या खिडकीची तुमच्या मॉडेलवर मोजलेली उंची. रेघांची जाडी त्यावरून मी काढून देतो. ती एसडब्ल्यूआरवाली पाटी टाकू नका, पॉलिश पेपरवर हात बसवायला ती उपयोगी पडेल.